गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं, मग उकडलेलं अंडं कसं चालतं?

नीरफणस
परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं इन्सुलिन फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून राहिलं आणि गोठलं. बाहेर काढल्यावर तासाभरात वितळलं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. मेडिकलवाल्याने सांगितलं, टाकून द्या. काकू हळहळल्या, कुपी नवी कोरी होती.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. इन्सुलिन हे प्रथिन, अंड्यातलं पांढरंही प्रथिन. अंडं आपण दहा मिनिटं खळाखळा उकळतो आणि तरी ‘भरपूर प्रोटीन’ म्हणून खातो. मग गोठून वितळलेल्या इन्सुलिनमधून गेलं काय? वजन तेवढंच, अणूही तेवढेच. एखादा रेणू काम करतो की नाही हे ठरतं कशावर? बारावीनंतर जीवशास्त्राशी संबंध संपलाय, बेताने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड नकोत.

कट्ट्यावरचा
सोप्पंय. काकूंना अंडं टोचा आणि इन्सुलिनचं ऑम्लेट करा. फरक आपोआप कळेल.

गोळीबार_मेडिकल
वरच्यांकडे दुर्लक्ष करून आधी कामाचं सांगतो, काउंटरवर रोज हेच बोलावं लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरखाली किंवा मागच्या भिंतीला नको. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालते, पण कंपनीगणिक फरक असतो, तेव्हा खोक्यावरचा कागद वाचा. एकदा गोठलं की संपलं, वितळल्यावर कितीही छान दिसो. दुधट इन्सुलिन असेल तर निदान गुठळ्या दिसतात, काचेला पांढरा थर धरतो. स्वच्छ दिसणाऱ्यात फसगत जास्त.

आणि हो, प्रवासात बर्फाच्या पिशवीला चिकटवून नेतात, तेही चूक. मध्ये टॉवेल हवा.

खडूफळा
प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. अंडं आपण खातो, इन्सुलिनकडून काम करून घेतो. खाल्लेल्या प्रथिनाचे पोटात तुकडेच व्हायचे असतात. जठरात पेप्सिन, पुढे आतड्यात ट्रिप्सिन ही विकरं (एन्झाइम) आणि मंडळी त्याच्या साखळीतल्या कड्या, म्हणजे अमिनो आम्लं, सुटी करतात. उकडल्यावर साखळी उलगडते, त्यामुळे कापणं उलट सोपं जातं. इन्सुलिन गोळी करून गिळता येत नाही त्याचं कारणही हेच, पोटाला ते अंड्याइतकंच खाद्य.

काम करायचं तर मात्र साखळीची ठरावीक घडी लागते. नऊवारी कपाटात ठेवलेली असो की नेसलेली, कापड तेवढंच; पण काष्टा घातल्याशिवाय ती अंगावर राहत नाही. इन्सुलिनमध्ये एकूण ५१ अमिनो आम्लं. २१ ची एक साखळी, ३० ची दुसरी, आणि गंधकाचे तीन पूल. घडी बरोबर पडली की काही ठरावीक अमिनो आम्लं पृष्ठभागावर शेजारीशेजारी येतात आणि पेशीवरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या रेणूला) तेवढीच जागा ‘कळते’. घडी मोडली की तीच ५१ आम्लं असतात, पण शेजार बदललेला असतो.

हे नुसतं बोलायचं नाही, याचा प्रयोग झालेला आहे. क्रिश्चन अनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं विकर घेतलं. १२४ अमिनो आम्लं, चार गंधकपूल. त्यात भरपूर युरिया घालून घडी उलगडली, दुसऱ्या रसायनाने पूल तोडले. काम पूर्ण बंद. मग दोन्ही रसायनं हळूहळू काढून टाकली, तर विकर आपणहून जवळजवळ पूर्ण कामाला लागलं! आठ टोकांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, त्यातली नेमकी एकच बरोबर, आणि तीच लागली. युरिया तसाच ठेवून पूल बांधू दिले तेव्हा काम जेमतेम १ टक्का परत आलं. घडीची सगळी माहिती साखळीच्या क्रमातच असते, हा निष्कर्ष. १९७२ चं नोबेल.

नीरफणस
खडूफळा, झकास! पण मग माझा प्रश्न अजून अवघड झाला. रायबोन्यूक्लिएज परत येतं, तर गार केल्यावर अंडं परत कच्चं का होत नाही? आणि वितळल्यावर इन्सुलिन परत घडी का घालत नाही?

कट्ट्यावरचा
अंडं परत कच्चं झालं असतं तर हॉस्टेलच्या मेसवाल्याने तेच अंडं तीन वर्षं चालवलं असतं.

गंधकपूल
अंड्याचा प्रश्न गर्दीचा आहे. अनफिन्सेनकडे विरळ द्रावण होतं, प्रत्येक साखळी एकटी. अंड्याच्या पांढऱ्यात साधारण दहावा हिस्सा प्रथिन असतं. एरवी घडीच्या आत दडलेले, पाण्याला नको असलेले भाग उष्णतेने बाहेर येतात आणि स्वतःच्या साखळीत परत जाण्याआधी शेजारच्या साखळीला चिकटतात. झालं जाळं तयार. गार केल्याने ते सुटत नाही.

पण अगदीच अशक्य आहे असंही नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उकडलेल्या पांढऱ्यात युरिया घालून ते विरघळवलं, मग वेगाने फिरणाऱ्या नळीत पातळ थर करून घुसळलं आणि त्यातलं लायसोझाइम नावाचं विकर पुन्हा कामाला लावलं. त्यावर इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) सुद्धा मिळालं. कच्चं अंडं परत मिळालं नाही हो, एक विकर मिळालं.

गोठताना वेगळी गंमत होते. आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो. राहिलेल्या थोड्या पाण्यात इन्सुलिन, क्षार, टिकवण्याची रसायनं सगळी दाटीवाटीने. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागाशी झटापट. काही रेणू तिथेच एकमेकांना धरून बसतात. वितळल्यावर सगळंच वाया गेलेलं असतं असं नाही, पण ४० युनिटमधली किती शाबूत हे सुई भरताना सांगता येत नाही. औषधाच्या बाबतीत एवढं पुरे.

आणि इन्सुलिन परत नीट घडी का घालत नाही याला आणखी एक कारण आहे. शरीरात ते आधी ८६ आम्लांची एकसंध साखळी म्हणून बनतं, प्रोइन्सुलिन. तीच घडी घालते, पूल बांधते. मग मधला तुकडा कापून काढला जातो आणि उरलेलं इन्सुलिन. म्हणजे जिच्या आधाराने घडी पडली ती पट्टीच काढून टाकलेली असते. प्रोइन्सुलिन उलगडलं तर चांगलं परत येतं; पूल तोडून सुट्या केलेल्या दोन साखळ्या पुन्हा बरोबर जोडणं फार जिकिरीचं. अशक्य नाही, चिनी शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दोन्ही साखळ्या प्रयोगशाळेत बनवून जोडल्या होत्या.

गोळीबार_मेडिकल
हो, आणि तो कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. डॉक्टर तीच तपासणी लिहून देतात. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे पेशंटचं स्वादुपिंड स्वतः किती बनवतंय ते कळतं.

वाचनखूण
मस्त धागा. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मिठाचा_खडा
सगळं ठीक, पण ‘घडी म्हणजेच काम’ हे पाठ्यपुस्तकी प्रकरण जरा आवरा. रोज सकाळी गॅसवर त्याचा पुरावा उतू जातो. गाईच्या दुधातलं ८० टक्के प्रथिन केसीन. त्याला ठरावीक अशी घट्ट घडी नसतेच. म्हणून तर दूध उकळलं तरी अंड्यासारखं गोठत नाही, उलगडायला फारसं काही नाहीच. तरी केसीन काम करतं की नाही? कॅल्शियम आणि फॉस्फेट बारीक गोळ्यांत बांधून वासरापर्यंत नेतं, नाहीतर ते दुधात खडा होऊन बसलं असतं. आंबट झालं की त्या गोळ्यांवरचा विद्युतभार जातो आणि दूध फाटतं. उष्णतेने नाही, आम्लाने. म्हणजे बिनघडीचं प्रथिनही कामाचं असतं.

खडूफळा
मान्य. पण मी इन्सुलिनबद्दल बोलत होतो, सगळ्या प्रथिनांचा ठेका घेतला नव्हता. :) ढिली प्रथिनं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच जोडीदार भेटल्यावर घडी घालतात.

चिकाची_वडी
दुधाचा विषय निघाला आणि खरवस कोणालाच आठवला नाही? विरजण नाही, लिंबू नाही, नुसता वाफवला की सुरीने कापता येतो. हे कसं?

मिठाचा_खडा
@चिकाची_वडी, भले! चिकात केसीनखेरीज दुसरी प्रथिनं प्रचंड असतात, मुख्यतः प्रतिपिंडं (अँटिबॉडीज). ती घट्ट घडीची. वाफेवर उलगडतात, एकमेकांत गुंततात, खरवस जमतो. अंड्याचीच गोष्ट. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट जमतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या चिकाला वडी धरत नाही, कारण तोवर प्रतिपिंडं झपाट्याने उतरलेली असतात.

आता यातली खरी मेख. वासराला पोटात असताना वारेतून आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून. जन्मल्यावर पहिला दिवसभरच त्याचं आतडं ती अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं, नंतर ते दार बंद. चिकात ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थही असतो, म्हणजे प्रतिपिंडं वाटेत कापली जाऊ नयेत. रेणू तोच, पण वासराच्या पोटात पहिल्या दिवशी तो ढाल असतो आणि आपल्या ताटात वेलची-गूळ घातलेला गोड पदार्थ. तेव्हा ‘खरवसाने प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणणाऱ्यांनी तो आवडतो म्हणून खावा. आणि वासराचं पोट भरल्यावर खावा.

चिकाची_वडी
गूळच! साखरेचा खरवस म्हणजे पांढरा साबण. जायफळ विसरू नका.

डोंबिवली_फास्ट_लोकल
साखरेचाच. केशर घालून. बाकी आता दुकानात मिळतो तो खरवस म्हणजे दूध पावडर आणि चायना ग्रास. चिकाचा थेंब नाही.

कट्ट्यावरचा
झालं, धागा प्रथिनांवरून पाककृतीत गेला. पॉपकॉर्न ठेवून खरवस घेतो.

सायीचा_थर
डेअरीत काम करते, त्यामुळे राहवलं नाही. आमच्याकडे विकर बंद पडलंय हाच दुधाचा दाखला असतो. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज असतं. ७२ अंशांवर १५ सेकंद दूध नेलं की घातक जंतू मरतात आणि त्याच्या किंचित पुढे हे विकर बंद पडतं. मग नमुन्यात एक रंगहीन रसायन टाकून नळी ३७ अंशांवर ठेवायची. पिवळी झाली तर फॉस्फेटेज जिवंत, म्हणजे कुठेतरी कच्चं दूध मिसळलंय किंवा तापमान पोचलेलं नाही. ती लॉट पुढे जात नाही.

आणि नीरफणस यांच्या ‘परत येतं का’ला आमच्याकडे उत्तर आहे. कमी वेळ पण जास्त तापमानाला नेलेल्या सायीत साठवणीदरम्यान फॉस्फेटेज पुन्हा जागं होतं. मॅग्नेशियम असेल तर जास्तच. त्यामुळे क्रीमचा नमुना पिवळा दिसला की लगेच माणसाला दोष देत नाहीत. आधी बघतात, हे मूळचं राहिलेलं की परत आलेलं.

नीरफणस
सायीचा_थर, हे भारीच. जस्त, लोह, मॅग्नेशियम हे नुसतं टॉनिकच्या बाटलीवर वाचलं होतं.

खडूफळा
त्यांच्याशिवाय कित्येक विकरं नुसती साखळी राहतात. फॉस्फेटेजला जस्त आणि मॅग्नेशियम दोन्ही लागतं. हिमोग्लोबिनला त्यातल्या हीम या भागातलं लोह. ब-१ जीवनसत्त्व तर स्वतः काही करत नाही, शरीरात त्याचं रूप बदलून ते विकरात बसतं. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी व्हायचा तो यामुळे, विकर आहे पण त्यात बसणारा जोडीदार नाही. क जीवनसत्त्वाचंही तसंच. कोलॅजेनवर (त्वचा-हिरड्यांना बळकटी देणारं प्रथिन) ठरावीक ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवायची तर ते लागतं. ती नसेल तर कोलॅजेनचा तिपेडी पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, आणि जुन्या जहाजांवरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येतं.

पोरींची_आई
कोलॅजेनवरून विचारते. दर महिन्याला दोनेक हजारांची कोलॅजेन पावडर घेणाऱ्या मैत्रिणी आहेत. म्हणजे पाण्यात जाणार पैसे?

गंधकपूल
पोटात अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होणार. ते सरळ गालावर जाऊन बसत नाहीत. काही छोटे तुकडे रक्तात पोचतात हे खरं आहे आणि त्यावर अभ्यास चालू आहेत, पण जाहिरातीतला दावा त्याच्या कैक कोस पुढे असतो. पेरू खा, क जीवनसत्त्व तरी मिळेल.

वैरागडकर
मी गडचिरोली भागात लॅब टेक्निशियन आहे. इथे घडी वगैरे कुणी म्हणत नाही, पण रोज तेच बघतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली तपासणी म्हणजे बोटातून थेंबभर रक्त, ते नळीतल्या द्रावणात. त्यातलं रसायन हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. साधं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण लालसर पण आरपार, रेघा स्वच्छ. सिकलचं असेल तर गढूळ, रेघा गायब. पाचेक मिनिटांत आईच्या चेहऱ्याकडे बघून काय बोलायचं ते ठरवावं लागतं. कारण गढूळ नळी नुसता वाहक आणि रुग्ण यातला फरक सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. लोक मात्र तिथेच विचारतात, ‘म्हणजे पोरीचं लग्न होणार ना?’

बदल किती, तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बास. व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५६-५७ मध्ये शोधलं. घडी जवळपास तशीच राहते, आणि सुटा रेणू ऑक्सिजनही ठीक वाहतो! फक्त ऑक्सिजन सोडला की ते पाण्याला नको असलेलं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन अडकतं. एकामागे एक दांडे तयार, पेशी विळ्यासारखी. म्हणजे काम थांबलेलं नाही, एक नको ते जास्तीचं काम चिकटलंय. तुमच्या चर्चेत ही बाजू आली नव्हती म्हणून लिहिलं.

मिठाचा_खडा
वैरागडकर, या धाग्यावरचा सर्वांत वजनदार प्रतिसाद. बाळांमध्ये ही तपासणी चालत नाही ना?

वैरागडकर
सहा महिन्यांच्या आत भरवसा नाही. तोवर रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते दांड्यांत सामील होत नाही. म्हणून लक्षणंही उशिरा दिसतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा मुख्य उपयोगही तोच, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवायचं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाल्यावर तपासण्या पुष्कळ वाढल्या. गोळी नियमित घेणं हा पुढचा डोंगर.

बर्फाळ_बॉस्टनकर
उशिरा आलो. मी याच क्षेत्रात नोकरी करतो. आता अल्फाफोल्ड नावाचा संगणक प्रोग्राम क्रमावरून घडी सांगतो, २०२४ चं रसायनाचं अर्धं नोबेल हसाबिस आणि जम्पर यांना त्यासाठीच, उरलेलं अर्धं नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकरना. त्यामुळे काहींना वाटतं प्रश्न सुटला. घडी कळली म्हणजे काम कळलं असं नाही. हिमोग्लोबिनची एक घडी नाही, ऑक्सिजन घेतल्यावर वेगळी आणि सोडल्यावर वेगळी, आणि त्या दोन्हींमध्ये हलणं हेच त्याचं काम. कितीतरी विकरांवर फॉस्फेट चिकटवलं की ती चालू होतात, काढलं की बंद. ट्रिप्सिन स्वादुपिंडात मुद्दाम बंद अवस्थेत बनतं, आतड्यात पोचल्यावर त्याचा टोकाचा छोटा तुकडा कापला की जागं होतं. आधीच जागं झालं तर स्वादुपिंडच पचायला लागतं, पोटात असह्य कळ येते.

इन्सुलिनचंही ऐका. कुपीत ते एकेकटं नसतंच. सहा-सहा रेणू जस्ताभोवती गट करून बसलेले असतात, आणि तो गट रिसेप्टरला बसत नाही. त्वचेखाली विरळ झाल्यावर गट फुटतो, सुटा रेणू कामाला लागतो. म्हणून जुनं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. लिस्प्रो या नव्या इन्सुलिनमध्ये बी साखळीतल्या (३० वाल्या) २८ आणि २९ या दोन आम्लांची फक्त अदलाबदल केली, गट कच्चा झाला, औषध झटपट लागू पडायला लागलं. ग्लार्जिन या दुसऱ्या इन्सुलिनमध्ये उलट केलं. ते आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं, त्वचेखाली गेल्यावर साका होऊन बसतं आणि दिवसभर थोडंथोडं सुटतं. हा जस्ताचा गट १९६९ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने क्ष-किरणांनी पाहिला. त्या गटात आपले एम. विजयन होते, जे पुढे बंगळुरूला आले.

कट्ट्यावरचा
म्हणजे इन्सुलिनलाही सोसायटीची मीटिंग सोडून एकट्याने काम करावं लागतं.

खडूफळा
आणि फक्त प्रथिनंच कामं करतात असं नाही. आरएनए स्वतः घडी घालून विकरासारखं काम करतं. चेक आणि ऑल्टमन यांचं १९८९ चं नोबेल त्यावरच. रायबोसोममध्ये अमिनो आम्लं जोडण्याची जागा तर आरएनएचीच आहे. वेंकी रामकृष्णन यांना २००९ मध्ये दोघांबरोबर नोबेल मिळालं ते रायबोसोमच्याच कामासाठी. पेशीतलं प्रत्येक प्रथिन जिथे बनतं, तिथला मुख्य कारागीर प्रथिन नाही.

नीरफणस
सर्वांचे आभार. मी समजलो ते असं: अंड्यात आपल्याला माल हवा होता, इन्सुलिनमध्ये घडी, आणि घडी असूनही योग्य जागी सुटं होणं. काकूंना नवीन कुपी मिळाली, जुनी मेडिकलवाल्याने परत घेऊन नष्ट केली. त्यांच्या सुनेने फ्रीजच्या दारात डबा बसवलाय. आता आमच्या घरच्या मॅडमचा नवा प्रश्न: अननसाचं रायतं करून फ्रीजमध्ये ठेवलं की रात्रीपर्यंत कडू का होतं?

सायीचा_थर
अननसातलं ब्रोमेलेन. दह्यातली प्रथिनं कापतं, आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. अननसाच्या फोडी पाच मिनिटं साखरेबरोबर शिजवून, गार करून मग दह्यात घाला. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो. जिलेटिनची जेलीही कच्च्या अननसाने जमत नाही त्याच कारणाने.

डोंबिवली_फास्ट_लोकल
चायना ग्रासची जेली मात्र कच्च्या अननसानेही जमते. करून बघितलीय.

सायीचा_थर
जमणारच. ती समुद्री शेवाळातली कर्बोदकं. ब्रोमेलेनला तिथे कापायला काही मिळतच नाही.